चार लाद्या बर्फ

२४ नोव्हेंबर, सोमवार

अकरावी-ब ला उद्यापासून 'द्रव्याच्या अवस्था'. दुपारी बोरकर दारात येऊन उभे. प्रयोगशाळेचे परिचर, माझ्याही आधीपासून कॉलेजात. "सर, बर्फ कोन्या दिवशी आणू?"

दरवर्षी हा धडा आला की मी बर्फ-मिठाचा प्रयोग करून दाखवतो. भांड्यात बर्फाचा चुरा, वर मीठ, थर्मामीटर शून्याच्या खाली. पोरं टाळ्या वाजवतात. बावीस वर्षं वाजवत आली.

म्हटलं, यंदा नाही. "काहून जी?" म्हटलं, सर्दी झालीय. प्रयोग टाळायला सर्दीचं कारण देणारा मी पहिलाच मास्तर असेन.

घरी आलो तर सु.च्या फोनवर वंदूचा मेसेज. मस्कतहून १४ डिसेंबरला येते, दहा दिवसांची सुट्टी मिळाली दवाखान्यातून. सरळ उमरेडला, सासरी. मला वेगळं काही नाही. मे महिन्यात माय गेली तेव्हापासून मला काहीच नाही. तिचा एकुलता एक भाऊ आहे मी.

सु. म्हणाली, "तुमी स्वतः फोन करा ना तिले. बायकोच्या फोनवर भावाबहिणीचं किती दिवस चालन?" म्हटलं करतो. केला नाही.

२६ नोव्हें., बुध.

हायड्रोजन बंध. विचारलं, पाणी उकळतं तेव्हा काय तुटतं? अर्धा वर्ग एका सुरात: "हायड्रोजन अन् ऑक्सिजन वेगळे होतात सर." म्हटलं, असं असतं तर रोज सकाळी चहा ठेवताना तुमचं स्वयंपाकघर उडालं असतं. हसले. मग नीट सांगितलं. रेणूच्या आतलं काही तुटत नाही. एका रेणूची दुसऱ्यावरची पकड सुटते, एवढंच. वाफेतलासुद्धा प्रत्येक रेणू पाणीच असतो, फक्त कोणी कोणाला धरून नसतं.

बोलता बोलता फळ्याकडे तोंड करून जरा जास्तच वेळ उभा राहिलो. मागून कुजबुज. मी आहे, वंदू आहे, दोघंही अख्खे आहोत. मला फार वाईट वाटलं आणि खडू संपल्याचं निमित्त करून बाहेर आलो.

३० नोव्हें., रवि.

सु.ने मायची पेटी उघडली. वंदू आली तर तिला साड्या दाखवायच्या म्हणून. जूनमध्ये टाकलेल्या डांबराच्या गोळ्या मसुरीच्या डाळीएवढ्या उरल्यात. घन गोळी मध्ये द्रव न होता तशीच हवेत निघून जाते. त्याला संप्लवन म्हणतात, हे मी शंभरदा शिकवलं. पेटीत आता मायचा वास कुठेच नाही, फक्त गोळ्यांचा. सु. नव्या गोळ्या टाकू का म्हणाली. मी नको म्हटलं, मग टाक म्हटलं.

१ डिसेंबर, सोम.

आचल. दुसऱ्या बाकावरची, कायम वही गुंडाळून बसणारी. सुप्त उष्णता समजावत होतो. ही उठली. "सर, मीठ टाकलं तं बर्फ अजून थंड होते ना? मंग थो वितळते काहून? थंड झाला तं टिकाले पायजे."

अगदी बरोबर प्रश्न. चांगल्या शिक्षकाला असा प्रश्न वर्षातून एकदा मिळतो.

मी म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही. खाली बस."

बावीस वर्षांत हे वाक्य मी कोणत्याही लेकराला म्हटलं नव्हतं. ती बसली. मला माझीच शिसारी आली.

२ डिसें., मंगळ.

आज लिहून टाकतो. मेमधली पानं या वहीत कोरीच आहेत.

माय सकाळी अकराला गेली. झोपेतून उठली, चहा प्याली, भिंतीला टेकून बसली ती बसलीच. बाहेर शेहेचाळीस डिग्री. वंदूला फोन केला. ती रडली नाही, सरळ म्हणाली, "दादा, मी निघून राहिली. उद्या तीनपर्यंत पोचतो. मायले थांबवून ठेव गा. मले तिचं तोंड पाहू दे." मी म्हणालो, थांबवतो.

वस्तीतली विजेवरची, गार ठेवणारी शवपेटी दुसऱ्या घरी गेलेली. दुसरीकडची बिघडलेली. मग इस्माईलभाई. कोपऱ्यावर त्यांचं बर्फाचं दुकान, कळमन्याच्या कारखान्यातून माल येतो. त्यांनी स्वतः चार लाद्या आणल्या, खाली भुसा, वर भुसा, ओली पोती, त्यावर फळी. फळीवर मायला ठेवलं, पांढऱ्या साडीत. निघताना मला म्हणाले, "सर, अब हाथ मत लगाना. कल शाम तक चलेगा."

मी हात लावला.

मोठे मामा म्हणत होते की इतक्या उन्हात बर्फ कसा पुरेल. मला वाटलं, अरे, मी रसायनशास्त्राचा मास्तर. स्वतः जाऊन पाच किलो खड्याचं मीठ आणलं. पोती बाजूला केली, भुसा झाडला, लाद्यांवर मीठ पसरलं. कॉलेजातून थर्मामीटर आणलं. उणे सहा! मामांना दाखवलं. "पहा, शून्याच्या खाली." घरात माय गेलेली आणि मला त्या क्षणी अभिमान वाटला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आणि आचलच्या प्रश्नाचं उत्तर: मीठ बर्फाला वितळवतं, म्हणूनच तो थंड होतो. वितळायला लागणारी उष्णता तो स्वतःतूनच काढतो. कुल्फीच्या भांड्यात ते खारं गार पाणी भांड्यातच राहतं, म्हणून कुल्फी जमते. माझ्या अंगणात ते फळीखालून वाहत नालीत गेलं. सगळा गारवा घेऊन गेलं. संध्याकाळी लाद्या निम्म्या झाल्या होत्या. मला दिसत होतं. मी अजून मीठ टाकलं.

सकाळी सातला फळीखाली फक्त ओला भुसा होता. इस्माईलभाईंकडे धावलो. त्यांच्याकडे चुरासुद्धा नाही, आंब्याचा सीझन, कळमन्याहून टेम्पो दुपारनंतर. दहाच्या सुमारास मामा जवळ येऊन हळू म्हणाले, "आता नाही ठेवता येत गा बापू. मायची आबाळ नको करू." भन्तेजी आले. बुद्धवंदना झाली. अकराला नेलं.

वंदू तीनला आली.

अंगणात मिठाचे पांढरे डाग सुकलेले. तिनं विचारलं, "हे काय हाय?" आणि मी, मायचा एकुलता एक लेक, म्हणालो, "बर्फ कच्चा निघाला. लवकर वितळला."

ती पर्ससकट कोपऱ्यावर गेली. मी मागे. भर रस्त्यात ती इस्माईलभाईंना नाही नाही ते बोलली. मेलेल्या माणसाच्या बर्फात बेइमानी केली म्हणाली. लोक जमले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या चपलांवर तेव्हाही मीठ होतं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "माफ करना, बहन."

मी तिथेच मागे उभा होतो.

तरी जाताना ती मला म्हणालीच, "बर्फ कच्चा होता तं होता. चार घंटे, दादा. चार घंटे नाही थांबले तुमी."

६ डिसें., शनि.

एक आशा होती, खोटं कशाला बोलू. उन्हच इतकं होतं की मीठ नसतं तरी बर्फ गेलाच असता, असं निघालं तर? मग मी निम्मा सुटलो.

बोरकरांना म्हटलं, आणा बर्फ. दोन सारखे तुकडे तोलून घेतले. घरून दोन चाळण्या नेल्या होत्या. एकीत तुकडा भुशात, वर पोतं. दुसरीत उघडा, वर मीठ. पाणी खाली गळू दिलं. साडेआठला सुरुवात. खिडकीतल्या उन्हात ठेवलं.

मिठाचा तुकडा दोन तास चाळीस मिनिटांत संपला. भुशातला तीन वाजता कॉलेज सुटेपर्यंत मुठीएवढा होता. भुसा बाजूला करून हातात घेतला. हात बधिर होईपर्यंत धरून उभा राहिलो.

मग मनातल्या मनात वाद घातला. हा डिसेंबर आहे, तो मे होता. लादी मोठी होती, हा तुकडा. वाद टिकत नाही. एखाद्या पोरानं असा युक्तिवाद लिहिला असता तर मी शून्य दिलं असतं.

बोरकर मेमध्ये मयतीला होते, माझ्या अंगणात उभे होते. आज त्यांनी दोन्ही चाळण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सर, चाळण्या धुवून देतो," म्हणाले, "मीठ लागलं तं जंग चढते." बस.

८ डिसें., सोम.

आधी वर्गात आचलच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. सगळ्यांसमोर म्हटलं की गेल्या सोमवारी मी चुकीचं बोललो. तिनं लिहून घेतलं. तिला काय माहीत तिनं काय लिहून घेतलं.

मग इस्माईलभाईंकडे. थंडीत बर्फ कोण घेतं, दुकानात शेंगा भाजत बसलेले. सात महिने मी त्या कोपऱ्यावरून जायचं टाळतो, मागच्या गल्लीनं स्कूटर घालतो. त्यांनी स्टूल पुढे केलं. मी सगळं बोललो. मीठ, थर्मामीटर, सगळं. ते शेंगा हलवत राहिले.

"मालूम था सर. नाली का पानी मेरे दुकान के सामने से जाता है. सफेद हो गया था."

म्हटलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत?

"माँ गयी थी उसकी. उस टाइम किसको सच्चा-झूठा करूँ?" मग, "पर दो घरवालों ने उसके बाद मय्यत का बर्फ दूसरी जगह से मंगाया. वो लगा मेरे को. तीस साल में किसी ने मेरा बर्फ कच्चा नहीं बोला."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "मेरे से क्या माँगते. बहन को बोलो." कागदात शेंगा बांधून दिल्या. घरी आणल्या, खाववल्या नाहीत.

१४ डिसें., रवि.

वंदू उतरली असेल. सु.ला मेसेज: 'पोचली.' उमरेडला गेली. विमानतळ ते उमरेड रस्त्यात आमचा चौक लागतो.

सु.ला आज सगळं सांगितलं. ती बराच वेळ पोळ्या लाटत राहिली. म्हणाली, "मले माहीत होतं मीठ टाकलं म्हून. मले वाटलं तुमाले माहीत हाय तं बरोबरच असन." यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

१७ डिसें., बुध.

रजा टाकली. एसटीनं उमरेड. सोबत मायच्या तीन साड्या आणि संत्री. बसमध्ये वाक्यं पाठ करत होतो, तोंडी परीक्षेला चाललेल्या पोरासारखा.

वंदू अंगणात उन्हाला बसलेली. वाळलीय. केस पांढरे झालेत कानाजवळ. "ये," म्हणाली. दादा म्हणाली नाही. चहा आणला. माय लग्नाआधी इथेच उमरेडला हातमागावर बसायची, त्याच ओळीत तिची सासरची घरं. ते थोडं बोललो. साड्या तिनं मांडीवर घेतल्या, वास घेतला. "गोळ्याइचाच वास येऊन राहिला."

मग मी सांगितलं. पाठ केलेलं काही आठवलं नाही, वाकडंतिकडं सांगितलं. बर्फ कच्चा नव्हता. मी मीठ टाकलं. इस्माईलभाई नको म्हणाले होते. मी तुझ्याशी खोटं बोललो.

आत कोणीतरी कुकर लावला होता, दोन शिट्ट्या झाल्या.

"मीठ नसतं टाकलं तं किती टिकला असता?"

"संध्याकाळपर्यंत."

"म्हणजे मी आली असती."

"हो."

"अन् त्या म्हाताऱ्याले मी चोर म्हटलं भर रस्त्यात. तू मांगं उभा होता."

"हो."

मला वाटलं रडेल, ओरडेल, साड्या फेकेल. मी तयार होतो. तिनं साडीची घडी नीट केली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मी तं नाही पाह्यलं. तू तं दिवसभर जवळ होता ना तिच्या. मंग तूच सांग. कशी दिसून राहिली होती माय?"

मी तोंड उघडलं.

आणि मला काहीच आठवलं नाही. पारा आठवला. शून्याच्या खाली सहावी रेघ, बारीक चंदेरी, तिरप्या उजेडात डोळे बारीक करून वाचलेली. लाद्यांच्या कडा आठवल्या, मिठाचे खडे आठवले. मायचं तोंड नाही. मी दिवसभर तिच्या उशाशी वाकलेलो होतो आणि एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

वंदू वाट पाहत होती. मी म्हटलं, "शांत दिसत होती."

"हे तं सगळेच सांगतात," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली. मग बाहेर आलीच नाही. तिची सासू म्हणाली, "बस साडेचारची हाय भाऊ."

१९ डिसें., शुक्र.

दोन रात्री झोप अशी नाही. ज्या तोंडासाठी ती तिथून धावत आली, ते तिलाही मिळालं नाही आणि मीही पाहिलं नाही. चार तासांचा हिशेब कसाबसा मांडता येईल. हे कुठे मांडू?

आज सु.ला विचारलं. तिनं मायला साडी नेसवली होती. म्हणाली, "डावा डोळा पूरा मिटत नव्हता. मी दोनदा मिटला, थो परत जरासा उघडे. मंग मी तसाच राहू दिला. दाराकडं पाहून राहिल्यासारखं वाटे." मी वहीत लिहून घेतलं. सु. माझ्याकडे बघत राहिली. "आता लिहून राहिले तुमी?"

मामांना फोन. आधी रागावले, कशाला उकरतो म्हणाले. मग स्वतःच: "हनुवटीवरचं गोंदण लय ठळक दिसे. तीन ठिपके. लहानपणी आमी तिले चिडवत होतो त्याच्यावरून. अन् तोंडाची उजवी बाजू अशी, दबलेली. काही बोलता बोलता राह्यल्यावानी." एवढं बोलून ते ऐंशीचे गृहस्थ फोनवर हुंदके द्यायला लागले.

२१ डिसें., रवि.

इस्माईलभाई. त्यांना काय आठवणार, पण फळी त्यांनीच टेकवली होती. मला पाहून म्हणाले, "बहन आयी थी कल." मला ऐकूच आलं नाही आधी. काल दुपारी वंदू उमरेडहून नागपूरला आली होती. इथे या स्टुलावर बसली. हात जोडले. चारचौघांत मोठ्यानं बोलली, बर्फ पक्का होता, चूक आमच्या घरची होती. शेंगा घेऊन परतीच्या बसला गेली.

आमचं घर तिथून वीस पावलांवर.

"घर की तरफ देखा उसने," इस्माईलभाई म्हणाले. "मैं बोला, जाओ. बोली, अभी नहीं."

मायबद्दल विचारलं. त्यांनी जरा आठवलं. "माथे पे एक बाल आया था सफेद. पंखे से हिलता था. मेरे को लगा हटाऊँ, फिर बोला, अपना हक नहीं. आखिर तक हिलता रहा वो."

तेही लिहिलं.

२४ डिसें., बुध.

वंदूचं आज दुपारी विमान. सु.ला मेसेज: 'निघाली.' त्यात माझ्यासाठी काही नाही.

एक पान झालं आहे. गेल्या पाच दिवसांत अकरा माणसांना विचारलं. भन्तेजींना, समोरच्या काकूंना, बोरकरांनासुद्धा. बोरकर म्हणाले, "पाय दिसून राहिले होते सर, टाचा एकदम साफ, नुकत्या घासल्यावानी." मायनं त्या दिवशी सकाळी टाचा घासल्या होत्या. हे मला आज कळलं.

यात माझं स्वतःचं एकही वाक्य नाही. सगळ्यांनी पाहिलं होतं.

अकरा वाजता, तिसऱ्या तासानंतर, प्रयोगशाळेत कोणी नव्हतं तेव्हा तिला फोन लावला. बोरकर दार ओढून घेऊन बाहेर उभे राहिले. रिंग जात राहिली. मला वाटलं कटेल. उचलला. मागे विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती. ती हॅलो म्हणाली नाही, दादा म्हणाली नाही. पण ठेवलाही नाही.

मी म्हटलं, "वंदू, माय कशी दिसत होती, ते सांगतो. मी नव्हतं पाहिलं. विचारून आणलंय."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मी वही उजेडात धरली आणि वाचायला सुरुवात केली. डावा डोळा पूर्ण मिटला नव्हता. दाराकडे पाहत होती.